प्रशिक्षण कुणाचे, प्रयोग कुणावर?

दरवर्षी पावसाळा ओसरू लागला की समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतून, शाळांतून आणि बालगृहांतून दिसू लागतात. आठवड्यातून दोन दिवस ‘क्षेत्रकार्य’ करावयाचे, मुलांशी बोलावयाचे, त्यांच्या घरी जावयाचे, अहवाल लिहावयाचे, असा हा क्रम मार्चपर्यंत चालतो. मग परीक्षा येतात आणि ताई किंवा दादा वस्तीतून दिसेनासे होतात. ऑगस्टमध्ये नवी ताई येते आणि तीही पहिल्यापासून विचारू लागते, “तुझे नाव काय? घरी कोण कोण असते?” वर्षभरात कुणापाशी तरी मन मोकळे करायला शिकलेल्या मुलाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

मुलांच्या आणि तरुणांच्या मानसिक आरोग्याविषयी सध्या पुष्कळ बोलले जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे सात टक्के आढळले. पन्नास मुलांच्या वर्गात अशी तीन-चार मुले असणार, एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातील होती. या आकड्यांपुढे मनोविकारतज्ज्ञांची संख्या इतकी तुटपुंजी आहे की, केवळ दवाखान्यांच्या भरवशावर राहून भागणार नाही. मुलापर्यंत कुणीतरी चालत गेले पाहिजे, आणि आज वस्तीत चालत जाणाऱ्यांत हा शिकाऊ समाजकार्यकर्ता प्रमुख आहे.

ही परंपरा आपल्याला नवी नाही. भारतातील समाजकार्याच्या शिक्षणाचा आरंभच १९३६ साली मुंबईतील नागपाड्याच्या श्रमिक वस्तीत, क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने झाला. त्या संस्थेने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, पुढच्याच वर्षी देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र काढले. मूल ‘बिघडले’ असे म्हणण्यापूर्वी त्याचे घर, शाळा आणि परिस्थिती पाहावी, ही त्या कार्यामागील दृष्टी होती. आजही ती तितकीच खरी आहे. वर्गात डुलक्या घेणारा मुलगा शिक्षकांना आळशी वाटतो. त्याच्या घरी जाणाऱ्या विद्यार्थिनीला दिसते की, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि रात्रपाळीहून वडील परतले की मुलाला अंथरूण सोडावे लागते. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिलेले नसते. म्हणून क्षेत्रकार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो या कामाच्या मांडणीचा. विद्यापीठाचे वेळापत्रक विद्यार्थ्यांच्या सोयीने आखलेले आहे. मुलाच्या मनाला ते वेळापत्रक ठाऊक नसते. दहावी-बारावीचे निकाल मे-जूनच्या सुमारास लागतात. घराघरांतून ताण वाढतो तो याच दिवसांत, आणि नेमके याच दिवसांत वस्तीत शिकाऊ कार्यकर्ता नसतो. ज्या मुलाला आयुष्यात आधीच अनेकांनी सोडून दिले आहे, त्याला या निरोपातून आणखी एक धडा मिळतो : माणसे येतात, ऐकून घेतात आणि निघून जातात.

दुसरा दोष देखरेखीचा. वैद्यकीय शाखेच्या शिकाऊ डॉक्टरमागे निदान कागदोपत्री तरी वरिष्ठ उभा असतो. समाजकार्याच्या विद्यार्थिनीला पुष्कळदा एकटीलाच दार ठोठवावे लागते. समजा, एखाद्या मुलीने तिला विश्वासाने सांगितले की घरातला माणूस आपल्याशी गैरवर्तन करतो. “कुणाला सांगू नकोस,” अशी विनवणीही केली. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिकाऊ म्हणून तिला सूट नाही. हे जर तिला पहिल्या दिवशी कुणी शिकवले नसेल, तर ती गुप्ततेचे वचन देऊन बसते आणि मग वचन तरी मोडते किंवा कायदा तरी. बावीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर हे ओझे टाकून तिच्या वहीत फक्त हजेरीचे तास मोजणे, याला शिक्षण म्हणता येणार नाही.

यावर कुणी म्हणेल की, मग शिकाऊ मंडळींना मुलांपासून दूरच ठेवावे. हा उपाय रोगाहून वाईट ठरेल. पुस्तकातून पोहणे शिकलेला कार्यकर्ता उद्या नोकरीवर रुजू झाल्यावर पहिल्याच मुलाला बुडवील. विद्यार्थ्यांना हटवून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांच्यामागे कायमचे माणूस उभे करावे लागेल. प्रत्येक वस्तीत, शाळेत किंवा केंद्रात एक पगारी, अनुभवी कार्यकर्ता असावा. मुलाचे खरे नाते त्याच्याशी जुळावे आणि विद्यार्थी त्याच्या हाताखाली शिकावा. महाविद्यालयाने एकच वस्ती अनेक वर्षे धरून ठेवावी. जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीची मुलांशी समक्ष ओळख करून द्यावी. निरोपाची तारीख मुलाला पहिल्या भेटीतच सांगावी. निकालाच्या दिवसांतील कामाला क्षेत्रकार्याचे गुण द्यावेत. विद्यार्थ्यांना निदान प्रवासखर्च मिळावा, नाहीतर हे शिक्षण घरून पैसे आणू शकणाऱ्यांपुरतेच उरेल.

यासाठी पैसा लागेल, हे उघड आहे. पण फुकट मनुष्यबळावर चालणाऱ्या सेवेची किंमतही कुणीतरी मोजतच असते, आणि ती मुले मोजतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. ही जागा एखाद्या शिकाऊ विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवून भरल्याचे दाखवण्याचा मोह संस्थाचालकांना होईल. शासनाने आणि पालकांनीही त्यावर लक्ष ठेवले पाहिजे. शिक्षकांनीही या पाहुण्यांना रिकाम्या तासाची सोय न समजता, बोलण्यासाठी एक शांत खोली आणि वर्गातील आपले निरीक्षण द्यावे.

मार्च महिन्यात वस्तीतले मूल ताईला हमखास विचारते, “तू परत येणार ना?” ती बहुधा हसून विषय बदलते, कारण खरे उत्तर तिच्या हाती नसते. ते उत्तर महाविद्यालयाने, शाळेने आणि शासनाने द्यावयाचे आहे. “मी येणार नाही, पण तुझ्यासाठी इथे कुणीतरी असेलच,” एवढे जरी तिला प्रामाणिकपणे सांगता आले, तरी प्रशिक्षणाच्या नावाखाली मुलांवर प्रयोग चालले आहेत, असे म्हणण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.