रेतकांडीच्या शेजारी स्त्रीबीज

गाई-म्हशीचे स्त्रीबीज ही शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. तिचा व्यास सुमारे 120 मायक्रोमीटर, तर शुक्रजंतूच्या डोक्याची लांबी नऊच्या आसपास. गोठवण्याची सारी अडचण या आकारातून सुरू होते. शुक्रजंतूत पाणी नाममात्र. स्त्रीबीज मात्र पाण्याने भरलेले आणि मेदाच्या थेंबांनी लगडलेले. पाणी बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आत बर्फाचे स्फटिक धरतात. बर्फ होण्याआधी नुसत्या गारठ्यानेही गुणसूत्रांना धरून ठेवणारी तर्कूची धाग्यांची रचना विस्कटते. बाहेरचे आवरण वेळेआधी टणक झाले, तर शुक्रजंतूला आत शिरताच येत नाही. म्हशीच्या बीजात मेद जास्त, म्हणून गारठ्याची बाधाही जास्त.

गोठवणीत शुक्रजंतूंना वाचवणाऱ्या ग्लिसरॉलचा उपयोग 1949 मध्ये कळला आणि गोठित रेताचे पहिले वासरू 1951 मध्ये जन्मले. गोठवलेल्या स्त्रीबीजापासून वासरे व्हायला 1992 उजाडले, तेही जपानमध्ये. कर्नालला प्रयोगशाळेतील फलनातून म्हशीचे पहिले रेडकू 1990 मध्येच जन्मले होते. म्हणजे अडचण फलनाची नव्हती, गोठवणीची होती.

आजची वाट काचीभवनाची. एथिलीन ग्लायकॉल, डायमिथिल सल्फॉक्साइड आणि साखर यांच्या दाट द्रावणात बीज काही क्षण ठेवायचे, जेमतेम थेंबभर द्रवासह पातळ पट्टीवर घ्यायचे आणि उणे 196 अंशांच्या द्रवनत्रात बुडवायचे. थंडी इतक्या वेगाने बसते की पाण्याला स्फटिक व्हायला उसंतच मिळत नाही, त्याची काच होते. डेन्मार्कमध्ये 1998 साली पुढे आलेल्या ओढून बारीक केलेल्या नळीत हा वेग मिनिटाला 20,000 अंशांहून अधिक जातो. तरीही अशा बीजांपासून सात दिवसांचा भ्रूण मिळण्याचे प्रमाण ताज्या बीजांच्या निम्म्याहून कमीच राहते.

कृत्रिम रेतनाचा सराव असलेल्या हातांची फसगत इथेच होते. रेतकांडी, म्हणजे गोठित रेताची नळी, 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरली की काम झाले. स्त्रीबीजाच्या बाबतीत पट्टी थेट कोमट साखरद्रावणात बुडवावी लागते आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने साखर उतरवावी लागते. गोठ्यात हे होणे नाही. द्रवनत्राच्या पात्राच्या मानेपाशी रेतकांडी क्षणभर जास्त रेंगाळली तर काही शुक्रजंतू तरी वाचतात. पट्टीवरचा सूक्ष्म थेंब त्याच क्षणात वितळतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झुकणाऱ्या गोंदियात द्रवनत्राची पातळी मोजपट्टीने रोज मोजणे आलेच.

मग हा खटाटोप कशासाठी? झाडीपट्टीतील कठाणी गाईसाठी. पूर्व विदर्भातली ही लहान चणीची, दुधाला थोडी, पण धानाच्या बांधीत चिखलणीला टिकणाऱ्या बैलांची जात. तिची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे झाली आहे. एखाद्या जातीचे फक्त रेत उरले, तर दुसऱ्या जातीच्या गाईंवर पाच पिढ्या ते वापरूनही रक्त 97 टक्क्यांपर्यंतच पोहोचते, आणि मातेकडून येणारी तंतुकणिकांची जनुके कधीच परत मिळत नाहीत. ती फक्त स्त्रीबीजात किंवा भ्रूणात राहतात.

यातला क्रम मात्र स्पष्ट असावा. निवडक कठाणी वळूंचे रेत आधी, भ्रूण नंतर, स्त्रीबीज शेवटी. सात दिवसांचा भ्रूण गोठवणीत बराच तगून राहतो. हाती योग्य वळू असताना गाईची बीजे नुसती गोठवून ठेवणे म्हणजे निम्मे धन जाणूनबुजून सांडणे. स्त्रीबीज गोठवायचे ते वळू ठरलेला नसताना, किंवा चांगली गाय अचानक दगावली असताना.

बीजे मिळण्याच्या वाटाही सारख्या नाहीत. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशाच्या कत्तलीला पूर्ण बंदी आहे. कत्तलखान्यातून बीजांडकोष मिळतील ते म्हशीचे, आणि म्हशीच्या एका बीजांडकोषातून कामाची बीजे जेमतेम एक-दोन. गाईसाठी उरते ती योनीमार्गे सोनोग्राफीच्या आधाराने जिवंत गाईतून बीजे खेचण्याची पद्धत, नाहीतर मृत गाय.

मृत गाईच्या बाबतीत सर्वांत घातक ठरते ती बर्फाची सवय. रक्त-नमुने बर्फात जातात, म्हणून बीजांडकोषही बर्फात घातले जातात आणि बीजे वाटेतच संपतात. ते प्रतिजैविक मिसळलेल्या सलाइनमध्ये, 30 ते 35 अंशांच्या थर्मासमध्ये, चार-सहा तासांत पोहोचायला हवेत. रेल्वेने नागपूर गोंदियापासून सुमारे 130 किलोमीटर. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकशाच्या आतल्या गावातून स्टेशन गाठण्यातच खरा वेळ जातो. प्रयोगशाळा कोणतीही असो, तिच्याशी बोलणे आधी झालेले असावे, गाय मेल्यावर नव्हे. थर्मासवर बिल्ला क्रमांक, मृत्यूची वेळ आणि बीजांडकोष काढल्याची वेळ लिहिलेली असावी. मृत्यूची वेळ मालकाला नेमकी माहीत नसेल, तर गाय शेवटची उभी कधी दिसली ते लिहावे.