नोंदवही आपल्या ताब्यात हवी

पुण्यातला एखादा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, २ तारखेला पहाटे तीन वाजता ब्राझीलमधल्या स्टेशनशी बोलतो, तेव्हा नोंदवहीत त्याला १ तारीख आणि २१.३० ही वेळ लिहावी लागते. जगभरचे हॅम यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ पाळतात आणि भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तारीख चुकली, की ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ या संपर्क पडताळणाऱ्या ऑनलाइन सेवेवर नोंद जुळत नाही; तिथे दोन्ही बाजूंच्या वेळेत अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक चालत नाही. शंभर देशांशी संपर्क साधल्याचे डीएक्ससीसी प्रमाणपत्र मिळवायला अनेकजण याच नोंदींचा आधार घेतात.

लिनक्सवर लॉगिंगचे सॉफ्टवेअर शोधताना म्हणूनच आधी नोंदींचा विचार व्हायला हवा, सोयींचा नंतर.

बहुतेक वेळा पहिले नाव निघते ते सीक्यूआरलॉगचे. चेक हॅमनी खास लिनक्ससाठी ते घडवले. रेडिओ संगणकाला जोडणाऱ्या हॅमलिब या लायब्ररीच्या मदतीने ते रेडिओची फ्रिक्वेन्सी आपोआप उचलते, आणि पुरस्कारांचा हिशेबही चोख ठेवते. पण त्याच्या पोटात मायएसक्यूएलचा डेटाबेस आहे. उबुंटूमधली ॲपआर्मर ही सुरक्षा व्यवस्था कधी त्या डेटाबेसची वाट अडवते, आणि संध्याकाळी वीस मीटर बँड खुला असताना बिचारा हॅम टर्मिनलमध्ये अडकून पडतो. डेटाबेसची सवय असलेल्याने ते जरूर घ्यावे. नवख्याला मात्र क्यूलॉग किंवा केलॉग बरे. दोन्ही एसक्यूलाइट वापरतात, म्हणजे सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये राहतात. प्रोग्रॅम बंद करून ती पेनड्राइव्हवर उतरवली, की बॅकअप झाला. शिवाय दोन्ही विंडोजवरही चालतात, त्यामुळे उद्या संगणक बदलला तरी हाताला लागलेली सवय मोडत नाही.

स्पर्धेत उतरणाऱ्यांची गरज निराळी. त्यांच्यासाठी टर्मिनलमध्ये चालणारे टीएलएफ आहे.

कोणतेही निवडले तरी कसोटी एकच: नोंदी एडीआयएफमध्ये बाहेर पडतात का? १९९६ पासून चालत आलेली ही साध्या मजकुराची पद्धत आहे. रकान्याचे नाव, पुढे अक्षरांची संख्या, मग माहिती. एखादा प्रोग्रॅम उद्या बंद पडला तरी ती फाइल कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येते.

मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एआरआरएल या संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि तिची ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ ही सेवा १ जुलैपर्यंत बंद राहिली. ज्यांची वही स्वतःच्या संगणकावर होती, त्यांनी रोजचे संपर्क नोंदवत राहून नंतर ते अपलोड केले.

तेव्हा नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी वही ओतण्याआधी दहा संपर्क नोंदवा, त्यांची एडीआयएफ फाइल काढा आणि ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा. कॉलसाइन, वेळ, बँड, मोड असे सगळे जसेच्या तसे दिसले, तरच पुढचे हजार त्यात लिहा.