बॅटरी वाचली, इशारा हुकला



गेल्या साली हस्ताच्या पावसात, ऐन सोयाबीन काढणीच्या दिवसांत, परंडा तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. आदल्या दुपारी वीज पडून लिंबाखाली बांधलेला बैल गेला होता. माणसे थोडी आधी घराकडे वळली, म्हणून वाचली. मालक एवढेच म्हणाले, "साहेब, ती दामिनी तुम्हीच माझ्या मोबाईलात टाकून दिली होती. मग ती बोलली का नाही?"

मोबाईल पाहिला. चार्जिंग पुरावे म्हणून मुलाने बॅटरी सेव्हर लावला होता. वस्तीवर विजेचा भरवसा नाही, तेव्हा पोराला काय बोलणार? चूक माझी. अ‍ॅप टाकून दिले, पुढची व्यवस्था पाहिली नाही.

दामिनी हे अ‍ॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे. देशभर बसविलेल्या यंत्रांवरून विजा कोठे पडत आहेत ते टिपले जाते आणि आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज असली तर इशारा येतो. त्यासाठी आपण कोठे आहोत हे अ‍ॅपला कळावे लागते, आणि इंटरनेट लागते. बॅटरी सेव्हर नेमका यांवरच लगाम घालतो. सेव्हर नसला तरी २०१५ नंतरचे अँड्रॉइड मोबाईल बांधावर नुसते पडून राहिले की डुलकी घेतात. त्यातून नवे मोबाईल काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपची परवानगी आपणहून काढून घेतात. आपण दामिनी उघडतो मृगात, ती पुन्हा पुढच्या रोहिणीत! राखणीचे कुत्रे कोंडून ठेवायचे आणि चोर आला तेव्हा भुंकले नाही म्हणायचे, तशातली ही गत.

यावर उपाय पाच मिनिटांचा आहे. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात दामिनी उघडावे. बॅटरीपुढे 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'निर्बंध नाही' निवडावे. लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी द्यावी. न वापरल्यास अ‍ॅप थांबविण्याचे बटण दिसले तर ते बंद करावे. नावे मोबाईलागणिक थोडी बदलतात. न सापडल्यास शाळकरी पोराला विचारावे. आभाळ भरून आले की सेव्हर काढावा आणि दामिनी एकदा हाताने उघडून पाहावी.

रेंज नसेल तेथे मात्र कानांवरच भिस्त. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर पडले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. विळा ठेवून पक्क्या घरात जावे, जनावरे झाडाखाली बांधू नयेत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.

आता चार्जिंग पुरत नाही म्हणाल, तर व्हिडिओ कमी पाहावेत. हे घरातल्या पोरांना सांगणे किती अवघड, ते मलाही ठाऊक आहे.