कर्जाचा कागद आणि औषधाची चिठ्ठी

शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणाची फाइल ज्याने एकदा हाताळली आहे, त्या कार्यकर्त्याला तिच्यातील कागदांचा क्रम पाठ असतो. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, बँकेचा वा सोसायटीचा थकबाकीचा दाखला, तलाठ्याचा अहवाल, वारसांचे जबाब. काही वर्षांपूर्वी अशाच एका फाइलीसाठी मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात, नवरा गमावलेल्या एका भगिनीच्या घरी बसलो होतो. थकबाकीचा दाखला तिने पिशवीत जपून ठेवलेला होता. दुसरा एक कागद तिने पिठाच्या डब्याखालून काढला, मला दाखवला आणि पुन्हा तिथेच सारला. मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी होती ती. मरणाच्या चार महिने आधीची. दोन महिने औषध घेतले, पैसे संपले, औषध थांबले. "हा कागद लावू नका, भाऊ. येडा होता म्हणून मेला, असं लिहितेल," ती म्हणाली.

मी तो कागद लावला नाही. प्रकरण पात्र ठरले.

त्या बाईची भीती अडाणीपणाची नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. २००६च्या शासननिर्णयाने मृत शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत ठरवली. ३० हजार रोख आणि ७० हजारांची ठेव. मदतीसाठी मरणाची कारणे तीनच मान्य झाली: नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा. मरण या तिहींत बसले तर पात्र. दारू, घरगुती भांडण, आजार असा शेरा पडला की अपात्र. सरकारी कारकुनीने मेलेल्या माणसाचे असे दोन तुकडे केले आहेत. एक कर्जाचा तुकडा, त्याला दाम आहे. दुसरा मनाचा तुकडा, तो घरच्यांनी डब्याखाली लपवायचा आहे.

आणि याच शासनाने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि विदर्भातील सहा, अशा १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन विचारायचे: झोप लागते का, अन्न गोड लागते का, जिवाला काही बरेवाईट करावेसे वाटते का. जो 'होय' म्हणेल त्याला पुढे उपचारासाठी न्यायचे. कल्पना चांगली आहे. तिची थट्टा करण्याचे मला कारण नाही. पण एका खात्याची बाई दारात येऊन मनातले सांगा म्हणते, आणि मनातले सांगितल्याचा कागद दुसऱ्या खात्याच्या मेजावर कुटुंबाच्या विरुद्ध साक्ष देतो, ही कोणत्या राज्यकारभाराची रीत? २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर याहून पुढे गेला आहे. त्याचे कलम ११५ सांगते की, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे. त्याला शिक्षा नको, शुश्रूषा हवी. जो वाचला त्याच्या बाबतीत ताण गृहीत; जो मेला त्याच्या वारसांनी मात्र तो ताण सावकाराचा होता की मनाचा, हे शाबीत करायचे!

परंतु शासनावर आसूड ओढून हा लेख संपवणे सोपे झाले असते. आपल्या चळवळीचाही या पापात वाटा आहे. 'समुपदेशन नको, भाव द्या' हे वाक्य किती सभांतून आपण टाळ्या घेत म्हटले आहे? त्यामागची शंका खोटी नव्हती. शेतकरी मनाने कमकुवत आहे, व्यसनी आहे, म्हणून मरतो, असे म्हणणारे मंत्री आणि अधिकारी आपण पाहिले आहेत. मनाच्या आजाराचे नाव काढले की कापसाच्या भावाचा प्रश्न मागे पडेल, हे भय रास्त होते. पण त्या भयापोटी आपण काय केले? कर्ज सगळ्यांनाच असते, मेला तो दुबळा होता, असे ते म्हणाले. कर्ज नसते तर मेलाच नसता, एवढेच आपण म्हणालो. दोन्ही पक्षांच्या वादात, ज्याला गेले सहा महिने झोप नाही तो माणूस मात्र डॉक्टरविना राहिला.

गिरणी कामगारांच्या चळवळीने असे केले नव्हते, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. कापसाच्या धुळीने कामगाराची छाती भरली, तेव्हा 'खोकल्याचे औषध नको, पगार द्या' असे कोणी म्हटले नाही. पगारही मागितला आणि औषधही. १९४८च्या राज्य विमा कायद्याने कामगारांसाठी दवाखाने उभे राहिले, आणि कापसाच्या धुळीचा तो आजार पुढे व्यावसायिक रोगांच्या यादीत चढला. कामगाराचा खोकला हा मालकाविरुद्धचा पुरावा ठरला. तोच कापूस पिकवणाऱ्याच्या डोक्यात जो अंधार भरतो, तो मात्र आपण पुरावा म्हणून कधी वापरला नाही. लाज म्हणून झाकला. ती औषधाची चिठ्ठी थकबाकीच्या दाखल्याला खोटे पाडत नाही. ती त्याच दाखल्याची पुरवणी आहे.

विभागीय आयुक्तालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील १०३ परभणी जिल्ह्यातील. हे मेलेल्यांचे आकडे. जे आजारी आहेत आणि जिवंत आहेत, त्यांची मोजदाद कोणी केली? २०१५-१६चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता! तेव्हा इतरांच्या मापाने अंदाज बांधावा लागतो. त्या पाहणीत तीव्र मनोविकारांचे चालू प्रमाण प्रौढांमध्ये शेकडा ०.८ निघाले. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार होती. त्यांत प्रौढ ११ लाख धरले तरी असे आठ-नऊ हजार लोक या जिल्ह्यात असावेत. उदासीनता, चिंता, व्यसन यांची गणती याहून निराळी आणि कितीतरी मोठी. उपचारावाचून राहणाऱ्यांचे प्रमाण त्याच पाहणीत, आजारागणिक, शेकडा ७० ते ९२पर्यंत निघाले.

हे आठ-नऊ हजार लोक कोठे आहेत? घरी आहेत, आणि घरी म्हणजे बाईच्या गळ्यात आहेत. परसातल्या लिंबाला बांधलेला मुलगा, मागच्या खोलीत कडी लावून ठेवलेली सून, दर अमावास्येला कोणत्या तरी ठाण्यावर नेला जाणारा भाऊ. तालुक्यात फिरणाऱ्या कार्यकर्त्याला ही घरे ठाऊक असतात. अंगात आले म्हणून साखळीने बांधणे, मारणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले. त्यांचा खून झाल्यावरच तो झाला. पण बांधणारी आई गुन्हेगार नाही, हे दाभोलकरांइतके कोणी ओळखले नव्हते. बांधले नाही तर तो विहिरीत जाईल, आणि ती रानात गेली नाही तर रोज बुडेल. तिच्यापुढे दवाखान्याचे दार उघडे ठेवले नाही तोवर तिला विज्ञाननिष्ठा शिकवण्याचा अधिकार आपल्याला कसा पोचतो?

दार उघडे आहे, असे शासन म्हणेल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा आहे. कर्नाटकातील बेल्लारीच्या प्रयोगावरून जिल्हा कार्यक्रम निघाला तो १९९६ साली. त्याचे मर्म साधे होते. वेड्यांचे इस्पितळ बांधून माणसे तिकडे नेऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला शिकवा, औषध तिथे ठेवा, जिल्ह्याच्या पथकाने गावोगाव फिरावे. कागदावर हा कार्यक्रम आपल्या जिल्ह्यालाही लागू आहे. प्रत्यक्षात जिंतूरच्या डोंगरातल्या माणसाला डॉक्टर भेटायचा तो जिल्ह्याच्या गावी, ठरावीक वारी; आणि एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी धरता ते फुकटचे औषध फुकट राहत नाही. शिवाय हे औषध तापाच्या गोळीसारखे तीन दिवसांचे नव्हे. महिनोन् महिने, कित्येकांना वर्षानुवर्षे घ्यावे लागते. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागांतील ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्यात परततात. फडावर त्यांचे औषध कोणी पोचवायचे? या साध्या प्रश्नाचे उत्तर देणारी एकही व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

आणि हे सारे ज्या आशाताईच्या खांद्यावर टाकले आहे, ती सरकारच्या लेखी कामगारच नाही, 'स्वयंसेविका' आहे. जून २०२१मध्ये आणि पुन्हा २०२३-२४मध्ये तिला संपावर जावे लागले. जिला स्वतःच्या मोबदल्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानात उघड्यावर रात्री काढाव्या लागतात, तिनेच गावाच्या मनाची विचारपूस करायची. बाळंतपण तिचे, लसीकरण तिचे, क्षयरोग्याची गोळी तिची, आणि आता हेही तिचेच.

तरीही हे काम होऊ शकते, याचा पुरावा शेजारच्या विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून, बोलते करून, गरज पडेल त्याला डॉक्टरपर्यंत नेऊन, असे ते काम चालले. उदासीनतेच्या आजारासाठी मदत घेणारे आधी शेकडा ४.३ होते, दीड वर्षाने २७.२ झाले. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'च्या मनोविकारविषयक नियतकालिकात छापून आले. कापसाचा भाव त्या दीड वर्षात काही सुधारला नव्हता. म्हणजे भाव मिळेपर्यंत माणसे जगवता येतात. आणि माणसे जगली तरच भावासाठी लढायला उरतात, हे आपल्यासारख्यांनी तरी विसरू नये. पण असा उपक्रम कोणा संस्थेच्या देणगीवर चालतो आणि देणगी संपली की आटोपतो. संस्थांबद्दल मला आदरच आहे. कर्जतच्या 'श्रद्धा' संस्थेच्या डॉ. भरत वाटवानींनी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून घरी पोचवले; २०१८चा मॅगसेसे पुरस्कार त्यासाठीच मिळाला. अंनिसचे 'मानसमित्र' आहेतच. मात्र भल्या माणसांच्या हिमतीवर जिल्हा चालवायचा नसतो.

येथे एका लाडक्या मागणीला हात घालणे भाग आहे. राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी येथली. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. परभणीच्या रोग्याला पुणे गाठायचे तरी एक रात्रीचा प्रवास. म्हणून मराठवाड्याला स्वतःचे मनोरुग्णालय हवे, हे आपण अनुशेषाच्या हिशेबाने मागत आलो, आणि जालन्याला ते मंजूरही झाले. मला त्याचा विषाद नाही; तीव्र अवस्थेतील रोग्याला खाट लागतेच. तथापि उंच भिंतीच्या इमारतीने अनुशेष भरला असे कोणी समजू नये. इटलीतील डाव्या चळवळीने, फ्रँको बझालिया या डॉक्टरच्या नेतृत्वाखाली, १९७८ साली कायदा करवून घेतला तो असल्या भिंती पाडण्यासाठी. त्रिएस्ते शहरात वेड्यांच्या इस्पितळाच्या जागी वस्तीवस्तीत केंद्रे आली. आपल्याकडे काय होते? बरे झालेले रोगी नेणारे कोणी नाही म्हणून भिंतीआड म्हातारे होतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र शासनाची कानउघाडणी करावी लागली, कारण बरे झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवून पुनर्वसन झाल्याचे दाखवले जात होते.

वास्तविक २०१७च्या कायद्याने मागायला फारसे शिल्लक ठेवलेले नाही. कलम १८ म्हणते की, शासनाच्या खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्यापाशी कार्ड असो वा नसो, ती मोफत. आणि ठरलेल्या किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील तर जिल्ह्यातीलच दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा. कलम १९ म्हणते, घरचे नाहीत एवढ्याच कारणावरून कोणाला इस्पितळात डांबता येणार नाही. त्यांच्यासाठी वस्तीतली निवासगृहे शासनाने काढायची. हा कायदा २९ मे २०१८पासून अमलात आहे. परभणीच्या किती रोग्यांनी खाजगी उपचाराचे बिल जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवले? मी तरी एकही ऐकलेले नाही. १९७२च्या दुष्काळानंतर 'मागेल त्याला काम' हे तत्त्व कायद्यात आले, ते आपोआप नाही आले. आणि कायदा झाल्यावरही तहसिलीपुढे रांगा लावून, अर्जाची पोच मागून, माणसांनी तो जिवंत केला. रोजगार हमीच्या अर्जाचे जे नमुने आपण हाताने लिहून वाटले, तसा एकही नमुना या हक्कासाठी आपल्या कार्यालयात नाही.

तो आता तयार करावा, ही पहिली सूचना. मागण्या फार नाहीत. नऊही तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यांत आठवड्याचा एक दिवस मनोविकाराची तपासणी व्हावी. प्राथमिक केंद्रात औषध महिन्याचे नव्हे, तीन महिन्यांचे मिळावे. ऊसतोडीला जाणाऱ्यास कारखान्याच्या भागातील दवाखान्यात चालेल असे पत्र मिळावे. आशांना या कामाचा वेगळा आणि नियमित मोबदला मिळावा. परभणीला २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेही लोकांनी रस्त्यावर येऊन मागितले तेव्हा. त्याचा मनोविकार विभाग शहरात बसून न राहता गावात उतरावा. आणि पात्र-अपात्रतेच्या निकषांत मनाच्या आजाराचा उपचार हे मदत नाकारण्याचे कारण ठरणार नाही, असा स्पष्ट शासननिर्णय निघावा.

तो निघेपर्यंत मी थांबणार नाही. यापुढच्या प्रकरणात, वारसांची संमती असेल तर, दोन्ही कागद एकाच टाचणीने लावून समितीपुढे ठेवणार आहे. समिती जो शेरा मारील तो याच पानावर जसाच्या तसा छापावा, एवढी संपादकांना आगाऊ विनंती.