फवारणीआधी फटी बुजवा

जून महिन्यात नागपुरात पावसाला सुरुवात झाली की जमिनीतील बिळांत आणि नाल्यांत पाणी शिरते. तेथे राहणारे उंदीर, घुशी आणि झुरळे आसरा शोधत वर येतात. त्यांना कोरडी जागा, ऊब, पाणी आणि अन्न हवे असते. या चारही गोष्टी एकाच ठिकाणी कोठे मिळतात? अर्थात जेथे रोज शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो तेथे! मग ते महालातील सावजी भोजनालय असो, तर्री-पोह्यांचे दुकान असो, संत्रा बर्फीचा कारखाना असो, की शाळेतील पोषण आहाराची खोली असो.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो. औषध फवारणाऱ्याला बोलावतात. दोन दिवस शांतता असते. महिन्याभरात पाहुणे पुन्हा हजर! मग आणखी जहाल औषध आणले जाते. ही रीत उलटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी त्यांची वाट बंद करावी, त्यांचे खाद्य झाकावे आणि औषधाचा विचार सर्वांत शेवटी करावा. याची कारणे विज्ञानातच सापडतात.

प्रथम उंदराचा विचार करू. तुमच्या दप्तरातील पेन्सिल सुमारे ७ मि.मी. जाडीची असते. ती ज्या फटीतून आरपार जाते, त्या फटीतून घरातला लहान उंदीर अंग चोरून आत येऊ शकतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून तो सतत काही ना काही कुरतडत असतो. लाकूड, प्लॅस्टिक, भुसभुशीत चुना यांचे त्याच्यापुढे काही चालत नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा किंवा त्याहून जास्त पिल्ले देते. आता हिशेब करून पाहा. विषाने दहा उंदीर मारले, पण भिंतीतले भोक तसेच ठेवले, तर रिकामी झालेली जागा भरायला बाहेरच्यांना किती दिवस लागतील?

झुरळांची गोष्ट तर अधिकच मनोरंजक आहे. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात आढळणाऱ्या लहान, तपकिरी झुरळाला ‘जर्मन झुरळ’ म्हणतात. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार ते मूळचे आपल्याच भागातले आहे. भारत किंवा म्यानमारच्या परिसरात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी ते आशियाई झुरळापासून वेगळे झाले आणि माणसाच्या वस्तीत राहू लागले. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पिल्ले बाहेर पडण्याची वेळ येईपर्यंत अंगाशीच वागवते. फवाऱ्याचे औषध या पिशवीच्या आत सहसा पोचत नाही. फवाऱ्यातून जी झुरळे वाचतात, तीच पुढची पिढी निर्माण करतात. अमेरिकेत झुरळांसाठी ग्लुकोज घातलेले गोड विषारी आमिष वापरत. काही वर्षांनी त्याला तोंडही न लावणारी झुरळे तेथे दिसू लागली. त्यांना ग्लुकोज चक्क कडू लागते, हे २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पाठ्यपुस्तकातील नैसर्गिक निवड ती हीच! विषाला पुरून उरणारे झुरळ निर्माण होऊ शकते. सिमेंटने पक्की बुजवलेली फट मात्र कोणत्याही पिढीच्या झुरळाला ओलांडता येत नाही.

इतिहासही हेच सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली ती बंदराजवळच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या परिसरात. पुढे ती देशभर पसरली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरलाही तिने ग्रासले. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. मग उंदरांचे काय करायचे? १९०७ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात प्लेग आला, तेव्हा उंदीर मारण्याबरोबरच लाकडी फळ्यांच्या जमिनी उखडून तेथे सिमेंट ओतण्यात आले. १९११ नंतर जावा बेटावर घरांच्या पोकळ बांबूंत उंदीर घरटी करतात असे आढळले, तेव्हा तेथे घरांची बांधणीच बदलण्याची मोहीम निघाली. उंदराला नुसते मारून भागत नाही, त्याचे घर आपल्या घरातून काढावे लागते, हे त्या लोकांनी ओळखले होते.

अन्न आणि विष एका छताखाली ठेवणे किती भयंकर ठरते, याचेही उदाहरण डोळ्यांपुढे असावे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ते औषध शेतीचे होते, उंदीर-झुरळांसाठी आणलेले नव्हते, हे खरे. परंतु स्वयंपाकघराजवळ विषाचा डबा आला की एका चुकीची किंमत केवढी होते, हे त्या दिवशी दिसले.

आपला कायदाही याच क्रमाने विचार करतो. अन्नसुरक्षा कायदा २००६ सालचा. त्याखालील २०११ च्या नियमांत म्हटले आहे की इमारत दुरुस्त ठेवावी, भोके व मोऱ्या बंद कराव्यात किंवा त्यांना जाळ्या बसवाव्यात आणि धान्य कीड न शिरणाऱ्या डब्यांत, जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवावे. तरीही प्रत्यक्षात तपासणीच्या वेळी फवारणीची पावती पुढे केली की काम भागले, असे अनेकांना वाटते. तपासणाऱ्याने पावती जरूर पाहावी, पण त्याआधी दाराखालची फट पाहावी!

यावर दुकानदारांचे म्हणणे असे की, “जागा भाड्याची, इमारत जुनी, शेजारची भिंत सामाईक. आम्ही एकट्याने किती भोके बुजवणार?” ही अडचण खोटी नाही. इतवारीसारख्या जुन्या बाजारात एका दुकानातून हाकललेला उंदीर शेजारच्या दुकानात जातो. म्हणूनच हे काम दुकानागणिक न करता गल्लीगणिक केले पाहिजे. दुकानदार, घरमालक आणि महानगरपालिका यांनी मिळून एकाच आठवड्यात नाल्यांना जाळ्या आणि भिंतींना गिलावा केला, तर वर्षभराच्या फवारणीचा बराच खर्च वाचेल. औषध कधीच वापरू नये, असे माझे म्हणणे नाही. उपद्रव फार वाढला असेल तर जाणकार माणसाकडून, अन्न झाकून किंवा हलवून आणि स्वयंपाक बंद असताना ते जरूर वापरावे. पण तो शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, यात तुम्हीही मोलाची मदत करू शकता. शिक्षकांची परवानगी घेऊन आपल्या शाळेतील पोषण आहाराच्या खोलीची पाहणी करा. सोबत पेन्सिल, पट्टी आणि वही एवढेच हवे. दाराखालून पेन्सिल सरकते का? मोरीला जाळी आहे का आणि तिची भोके ६ मि.मी. हून बारीक आहेत का? नळाचा पाइप भिंतीत शिरतो तेथे पोकळी आहे का? तांदळाची पोती जमिनीला किंवा भिंतीला टेकली आहेत का? रात्री कचऱ्याची बादली झाकलेली असते का? दाराच्या अगदी वर दिवा आहे का? कारण त्याच्या उजेडाकडे किडे येतात आणि दार उघडताच आत शिरतात.

खोलीचा नकाशा काढून त्यावर प्रत्येक फट लाल खुणेने दाखवा आणि तो मुख्याध्यापकांना द्या. दाराला पत्र्याची पट्टी, मोरीला जाळी आणि भोकात तारेचा चोथा भरून वर सिमेंट, एवढ्यावर बहुतेक खुणा पुसता येतील. महिन्याने पुन्हा पाहणी करा आणि खुणा मोजा. त्या कमी झाल्या असतील, तर तुमच्या शाळेतले जेवण विषाचा थेंबही न वापरता अधिक सुरक्षित झाले, असे खुशाल समजा.