भिंतीवर फ्लेमिंगो, तळ्यात कोरड

मे महिन्याची सुट्टी लागली की नवी मुंबईतली कुटुंबं अंदमान, मालदीव, बाली गाठतात. किनाऱ्यावरून एखादं कासव दिसावं, डॉल्फिनची पाठ दिसावी म्हणून लाखांत खर्च करतात. जावं, पाहावं, त्याला माझी हरकत नाही. माझा राग आहे तो घरच्या खाडीबद्दलच्या त्यांच्या बेपर्वाईवर. त्याच दिवसांत सीवूड्सच्या इमारतींमागे फ्लेमिंगोंचे थवे उतरू पाहतात आणि तिथे भरतीचं पाणी पोचतं की नाही याची चौकशीसुद्धा यांतलं कुणी करत नाही.

महापालिकेने या शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेतलं. भिंती रंगवल्या, चौकात पुतळे बसवले. पक्ष्याला त्याचा काय उपयोग? त्याला हवा असतो चिखल आणि उथळ खारं पाणी. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा छोटा रोहित, म्हणजे लहान जातीचा फ्लेमिंगो, चोच उलटी धरून त्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. भरती चढली की तो चिखल बुडतो, पाय टेकायला जागा उरत नाही. मग थवेच्या थवे उठतात आणि शहराच्या कडेच्या पाणथळींवर येतात: नेरूळचं डीपीएस तळं, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागची जागा, एनआरआय संकुलालगतचं पाणी, पलीकडच्या काठावर भांडुप. ओहोटी लागेपर्यंत त्यांचा मुक्काम तिथे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळालं. या विसाव्याच्या जागा मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिल्या. सरकारने पक्ष्यांची जेवायची जागा राखली आणि विसाव्याची जागा बिल्डरांच्या नजरेसमोर उघडी टाकली.

त्याचे परिणाम आपण पाहिले. एनआरआय आणि चाणक्यच्या पाणथळींवर गोल्फ कोर्स आणि घरं उभी करायचा घाट घातला गेला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हाणून पाडला, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२४ च्या सुरुवातीला नेरूळ जेट्टीच्या रस्त्यावरच्या भल्यामोठ्या फलकावर आपटून फ्लेमिंगो मेले, तेव्हा कुठे तो फलक उतरवला गेला. त्याच उन्हाळ्यात सुमारे ३० एकरांचं डीपीएस तळं सुकलं. खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या होत्या. आसरा गेलेले पक्षी रस्त्यावर भरकटले, काही जखमी झाले, काही मेले. पुढे साचलेल्या पाण्यावर शेवाळाची जाड साय धरली.

आणि सरकारी यंत्रणांकडून उत्तर काय मिळालं? हे तळं मुळात पाणथळच नाही! ज्या पाण्यावर हंगामामागून हंगाम हजारो पक्षी उतरले, ते कागदावर पाणथळ ठरत नसेल तर तो कागद खोटा आहे. करावे, सारसोळे, दिवाळे इथल्या आगरी-कोळ्यांना विचारायचं होतं. पाणी कुठून शिरतं, उधाणाला कुठवर चढतं, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असतं. नाल्याचं तोंड बुजलं की चिंबोऱ्या आणि निवट्या जातात, हे त्यांनी आपल्या पोटावर सोसलं आहे. त्यांना विचारणार कोण? ज्यांना इथे भराव दिसतो, त्यांना भरती दिसत नाही.

ज्यांना पक्ष्यांची पर्वा नाही त्यांनी निदान स्वतःच्या जिवाची करावी. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेने तिसाहून अधिक फ्लेमिंगो ठार झाले. विमान सुखरूप उतरलं. आता उलव्याचा नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे. पाणथळी गेल्या तर पक्षी जागा शोधत विमानतळाच्या परिसरात येतील, हा इशारा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केव्हाच दिला होता. त्याच विमानतळावरून तुम्ही मुलांना घेऊन बेटावर निघणार आहात.

२०२५ मध्ये राज्य सरकारने डीपीएस तळं संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय घेतला. हा रहिवाशांच्या आणि पक्षिमित्रांच्या चिकाटीचा विजय आहे, त्याचं श्रेय दुसऱ्या कुणी लाटू नये. पण ठरावाने तळं भरत नाही. नाल्यांची तोंडं मोकळी करा, ती वर्षभर मोकळी ठेवा. एनआरआय आणि चाणक्यलाही हेच संरक्षण द्या. आणि प्रत्येक पाणथळीच्या काठावर जबाबदार खात्याचं आणि अधिकाऱ्याच्या हुद्द्याचं नाव मराठीत लिहून लावा. पाणी अडलं, तर जाब कुणाला विचारायचा हे काठावर उभ्या असलेल्या माणसाला कळलं पाहिजे.