दुखणे अंगावर काढण्याची किंमत

दिवाळीच्या अंकात आजारपणाचा विषय कशाला, असे आमच्या वाचकभगिनींपैकी एखादीच्या मनात येईल. फराळाचे ताट समोर असताना औषधाची बाटली कोणी काढीत नाही, हे मलाही मान्य आहे. पण ज्या दुखण्याबद्दल आज लिहायचे आहे, ते सणावारीच अधिक जाचते. त्या दिवसांत बाईचे काम दुप्पट होते आणि तिचे जेवण मात्र सर्वांच्या मागून होते. शिवाय हे दुखणे इतके घरोघरचे आहे की त्याला दुखणे म्हणण्याचीही सवय आपल्याला उरलेली नाही.

"दुखणे अंगावर काढणे" हा शब्दप्रयोग आपण बहुधा कौतुकाने वापरतो. "आमच्या सासूबाईंनी कधी दवाखान्याची पायरी चढली नाही, सगळे अंगावर काढले," असे सांगताना आपला स्वर अभिमानाचा असतो. बाई सोशिक असावी, ही आपली जुनी समजूत. गेल्या साली कापूसवेचणीच्या दिवसांत परभणी जिल्ह्यात जाणे झाले, तेव्हा या सोशिकपणाचा हिशेब मला अगदी जवळून पाहायला मिळाला.

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की चुडावा नावाचे लहानसे स्टेशन लागते. भोवती काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर. एका शेतात सात-आठ बायका वेचणी करीत होत्या. दुपारी बांधावरच्या लिंबाखाली त्या भाकरी सोडून बसल्या, तेव्हा मीही त्यांच्यात जाऊन बसले. त्यांतली एक पंचविशीतली असावी. तीन मुलांची आई. उठताना ती क्षणभर झाडाला धरून उभी राहिली. मी विचारले, "काय होतंय गं?"

"काही नाही वो बाई. उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती. पाणी पिलं की उतरती."

"दवाखान्यात दाखवलंस का?"

ती हसली. "अंधारी तर समद्यायलाच येती. त्याला काय दवाखाना? वेचणी किलोवर हाय. दवाखान्यात बसले तर कापूस कोन वेचील?"

तिच्या पापण्यांची आतली बाजू पांढुरकी झाली होती. सकाळी कोरा चहा घेऊन ती निघाली होती. भाकरी थापल्या तिने. पण नवरा, सासरा आणि मुले यांच्या ताटात आधी वाढून उरले ते फडक्यात बांधले. भाकर आणि ठेचा, एवढेच. भाजी पुरली नव्हती. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. वाढण्याचा क्रमच तसा ठरलेला आहे.

या दुखण्याचे नाव रक्तक्षय. रक्तातील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचविते आणि ते तयार व्हायला लोह लागते. बाईच्या शंभर मिलिलिटर रक्तात ते १२ ग्रॅमपेक्षा कमी आणि गर्भारपणी ११ पेक्षा कमी असेल, तर रक्तक्षय झाला असे डॉक्टर मानतात. दर महिन्याच्या पाळीत लोह जाते, दर बाळंतपणात आणखी जाते, आणि अन्नातून ते भरून आले नाही तर वर्षानुवर्षे तूट वाढत राहते. धाप लागते, चक्कर येते, कामात जीव लागत नाही. अशा आईचे मूल कमी वजनाचे होण्याचा धोका असतो, आणि बाळंतपणात जास्त रक्त गेले तर ते तिला सोसवत नाही.

हा प्रश्न काही कालचा नव्हे. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ साली मुंबईस आल्या, त्या गर्भवतींच्या रक्तक्षयाचा छडा लावण्यासाठी. कापडगिरण्यांतील गरीब कामकरी स्त्रिया त्याने दगावत होत्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले, निरनिराळ्या थरांतील बायका काय खातात हे तपासले आणि दोष जंतूंचा नसून ताटाचा आहे, अशा निष्कर्षाला त्या पोचल्या. यीस्टचा अर्क देताच रुग्ण सुधारू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आज जगभर गर्भवतींना जी लोह-फॉलिक ॲसिडची गोळी देतात, तिचा अर्धा उगम असा आपल्या मुंबईत आहे.

मग आजार गेला का नाही? या गोळ्या वाटण्याची सरकारी योजना १९७० पासून आहे. २०१८ साली 'ॲनिमिया मुक्त भारत' या नावाने तिला नवा जोर देण्यात आला. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ साली शंभरात ४८ होते. २०१९-२१ मध्ये ते ५४ झाले.

"गोळ्या फुकट मिळतात, पण या बायका खात नाहीत," असे म्हणून आपण मोकळे होतो. पण उपाशीपोटी लोहाची गोळी घेतली की मळमळते, आणि मळमळणारी बाई कापूस कमी वेचते. ज्या औषधाने आजची मजुरी बुडते, ते तिने कशाच्या भरवशावर घ्यावे?

याच हिशेबाचे भयंकर टोक शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोडीवर नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. बाईने खाडा केला तर मजुरी जातेच, वर मुकादमाचा दंड बसतो. पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, कंबरदुखी हे सारे अंगावर काढून अखेरीस अनेकींनी गर्भाशयच काढून टाकले. २०१९ साली हा प्रश्न गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सहांत सुमारे एक. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या होत्या.

परभणीच्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेच्या साहाय्याने 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण २०१८ साली प्रसारित केले. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असते, तर या वाणात ४५. भाकरीतूनच औषध मिळावे, ही कल्पना मला फार आवडली. पण नगदी पिकांनी ज्वारीची शेते आखडली आहेत, आणि मजूर बाई ज्वारी पिकवीत नाही, विकत घेते. म्हणून उत्तम वाणही शेवटी तिच्या मजुरीपाशीच येऊन थांबते.

कोणी म्हणेल, हे सर्व खेड्यातले. आमचा काय संबंध? संबंध आहे. अशाच गावांतून पुण्या-मुंबईला आलेली बाई तुमच्या-माझ्या घरी भांडी घासते. ती जिना चढताना थांबते, तेव्हा ती कामचुकार असते असे नाही. तिचे रक्त कमी असू शकते. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिनची तपासणी होते आणि गोळ्याही मिळतात. तिला त्यासाठी एक सकाळ द्या, आणि त्या सकाळचा पगार कापू नका. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. लिंबू किंवा आवळा सोबत असला तर लोह अधिक लागू पडते. शौचाला काळी होते, त्याने घाबरू नये. आणि दोन-तीन महिन्यांत गुण दिसला नाही तर डॉक्टरांना पुन्हा दाखवावे, कारण रक्तक्षयाची कारणे इतरही असतात.

आपल्या घरातल्या लेकीसुनाही एकदा तपासून घ्या. शंभरातल्या त्या चोपन्न सगळ्याच काही गरिबाघरच्या नसतात. फरक एवढाच, की आपल्याला दवाखान्यात जायला दिवस मोडावा लागला तरी चूल विझत नाही.

यंदा फराळाचा डबा कामवाल्या बाईच्या हाती देताना चार चकल्या अधिक घालाच. पण त्याबरोबर भाऊबीजेची पगारी सुट्टीही द्या, आणि ती मागण्याची वेळ तिच्यावर आणू नका. सर्व वाचकांना ही दिवाळी आरोग्याची जावो.